दाजींच्या घरगाडीचं ॲव्हरेज

थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, जुन्या टेम्पोत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून चाकांवरचं घर केलं. पण जिंतुरात कुणी आत डोकावून बघेना. जो तो एकच विचारी, "ॲव्हरेज किती देती?"

दाजींना ते फार लागलं. त्यांनी वजन कमी करायला आधी टाकी काढली, मग पलंग. शेगडी निघाली तेव्हा ताई म्हणाली, "आता ह्याला घर कशाला म्हणायचं?"

"डिझेल वाचायलंय ना," दाजी म्हणाले.

येलदरीचं धरण बघायला निघालो, त्या दिवशी ते आम्हालाच नजरेनं तोलायला लागले. शेवटी म्हणाले, "तुमी एसटीनं या. मी गाडी घेऊन पुढं होतो."

मी, ताई आणि आई एसटीत उभ्यानं येलदरीला पोचलो. दाजी रिकाम्या गाडीला टेकून नवरदेवासारखे उभे होते. "आज लय भारी ॲव्हरेज पडलं."

बसायला पलंग न्हाई, चहाला शेगडी न्हाई. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "आता तुमचंच वजन राहिलंय, दाजी. जाताना तुमी बी एसटीनं चला."

दाजी रागावले नाहीत. हातातल्या किल्लीकडं बघत ते खरंच विचारात पडले.