अक्काच्या प्लेअरमधला भाऊ

फिटरकाकांनी बत्तीस वर्षं बस डेपोत इंजिनं उघडली आणि मिटली. निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुणाची शिलाई मशीन कुरकुरली की पहिली हाक त्यांनाच जायची. यंत्र कधी खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. खोटं बोलतो तो चालवणारा.

त्यांची थोरली बहीण अक्का. चार वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. पुढे ती लिहायला-वाचायला शिकली, उत्तम भरतकाम करायला लागली, पण बोलण्यासाठी त्या दोघा भावंडांनी लहानपणीच हातांची एक स्वतःची भाषा तयार केली होती. नाक चिमटीत धरलं की वडील, कारण ते तपकीर ओढत. दोन बोटं कपाळाला लावली की ताप, दुखणं, काळजी, जे असेल ते. नेमकं काय ते चेहऱ्यावरून ओळखायचं. आणि 'नाही' म्हणजे हवेतली पाटी पुसल्यासारखा हाताचा एक झटका. ही भाषा सगळ्या जगात दोघांनाच येत होती. काकूंना तीस वर्षांच्या संसारात ती जेमतेम पावभर कळायला लागली होती.

अक्का तिच्या लेकीकडे राहायची, बसनं सहा तासांवर. फोन तिच्या काही उपयोगाचा नव्हता. पत्रं यायची-जायची, पण पत्रात बातमी कळते, माणूस दिसत नाही, अशी तिची तक्रार असे. म्हणून भाचीनं तिला मांडीवर ठेवून बघायचा एक छोटा डीव्हीडी प्लेअर आणून दिला, आणि काका दर महिन्याला घरच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहून हातवारे करत महिन्याभराच्या गोष्टी सांगू लागले. काकू कॅमेरा धरत. मग काका कॉम्प्युटरवर डीव्हीडी तयार करत, काकू तिच्यावर गोल कागद चिकटवून सुबक अक्षरात तारीख घालत, आणि पाकीट टपालात पडे. पहिल्या तीन-चार डीव्हीडी छान पोचल्या. मग काकांनी नवा कॅमेरा घेतला.

त्यानंतर दोन महिन्यांनी अक्काचं पत्र आलं. तिचं अक्षर एरवी टाक्यासारखं नेटकं. या वेळी ओळी खाली घसरल्या होत्या. तिनं लिहिलं होतं की तुझे हात मधेच थांबतात, मग एकदम भलतीकडेच जातात. तोंड अर्धवट उघडं राहतं. अर्धं वाक्य तू गिळतोस. तुला काय झालंय? आणि वहिनीची गाठ वाईट निघाली हे सांगताना तू हसत कसा होतास?

काका पत्र धरून बसून राहिले. काकूंच्या मानेवर एक गाठ आली होती खरी. ती काढली, तपासायला पाठवली आणि साधी निघाली. डीव्हीडीत त्यांनी तेच सांगितलं होतं: गाठ काढली, वाईट काही नाही. त्यांनी ती डीव्हीडी कॉम्प्युटरवर लावली. हात पाण्यासारखे वाहत होते. 'वाईट', आणि लगेच पुसल्याचा झटका. स्वच्छ. टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर लावली, तिथंही स्वच्छ.

"मग तिनं काय बघितलं?" काकूंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते निघाले. दार उघडल्यावर अक्कानं आधी त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिनं त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि किती तरी वेळ हात थरथरतात का ते बघत राहिली. मग वहिनीची खूण करून भुवया उंचावल्या. काकांनी गाठ, वाईट, नाही, असं सांगितलं, दोनदा सांगितलं. तिनं मान हलवली. समोरचा भाऊ खरा की पडद्यातला, हे तिला ठरवता येईना. तिनं प्लेअर आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

तळहाताएवढ्या पडद्यावर काकांना स्वतःचा चेहरा दिसला. तो बोलता बोलता गोठला, एक डोळा अर्धा मिटलेला. मग हात एकदम खांद्यापाशी उगवले. पुन्हा गोठला. 'गाठ काढली', 'वाईट', आणि त्यापुढे पुसल्याचा झटका नव्हताच. होतं फक्त हसणं. माणूस ओळखीचा होता, पण धडधाकट नव्हता. तो पक्षाघात झालेला कुणीतरी वाटत होता, आणि त्यानं काकांचाच सदरा घातलेला होता.

अक्कानं प्लेअर त्यांच्यासोबत पाठवला. काकांनी घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कामाला लागले. लेन्स साफ करायची डिस्क फिरवली, फरक नाही. बॅटरी काढून थेट चार्जरवर लावला, फरक नाही. भाड्यानं आणलेल्या सिनेमाची डिस्क लावली, तर ती सुरळीत चालली. म्हणजे प्लेअर चांगला. त्यांची डिस्क बाकी दोन्हीकडे सुरळीत चालते, म्हणजे डिस्कही चांगली. दोन्ही साक्षीदार खरं बोलत होते आणि चोरी तर झालेली होती. काका चक्रावले. त्यात मंगळवारी तीच डिस्क एकदा शेवटपर्यंत न अडकता चालली. काय वेगळं केलं म्हणून त्यांनी वहीत लिहून काढलं: टेबल खिडकीकडे सरकवलं होतं. बुधवारी टेबल तिथंच ठेवलं, तर पहिल्याच मिनिटाला चित्र अडकलं.

चौथ्या दिवशी काकांनी काकूंना आपल्या हातांकडे बघताना पकडलं. काकूंनी चष्मा सापडत नाही म्हणून सुई ओवून मागितली. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. काकांनी दुसऱ्या प्रयत्नात दोरा ओवला. पहिला चुकला यावरून काय समजायचं आणि दुसरा साधला यावरून काय, हे दोघांनाही कळलं नाही. त्या दिवसापासून काका चहाचा कप दोन हातांनी धरू लागले, आणि दोन हातांनी का धरतोय म्हणून स्वतःवरच चिडू लागले.

शेवटी ते सीडीवाल्या बाईंकडे गेले. बाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. लोकांच्या जुन्या कॅसेटवरून डिस्क तयार करून देणं हा त्यांचा धंदा. त्यांनी डिस्क उजेडात धरली, कागदावरून बोट फिरवलं, मग कॉम्प्युटरवर आकडे बघितले आणि हसल्या. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खोट तीन ठिकाणी असू शकत होती. नव्या कॅमेऱ्याचं चित्र काकांनी सगळ्यात वरच्या दर्जानं भरलं होतं. दर सेकंदाला एवढा माल आला की छोट्या प्लेअरला तो वेळेत उचलता येत नाही, मग तो मधला टाकून पुढं उडी मारतो. शिवाय डिस्क सगळ्यात जास्त वेगानं लिहिलेली होती, त्यामुळे खुणा पुसट उमटल्या असतील. आणि हा चिकटवलेला कागद. तो केसभर जरी एका बाजूला गेला तरी डिस्क फिरताना डगमगते.

"पण यातलं नेमकं कुठलं?" काकांनी विचारलं.

"ते मलाही सांगता यायचं नाही. एकेक बदलून बघा."

काकांनी आयुष्यभर हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं होतं. पण तिकडे अक्का वाट बघत होती. त्यांनी तिन्ही गोष्टी एकदम केल्या: दर्जा निम्म्यावर आणला, सगळ्यात कमी वेगानं डिस्क लिहिली, आणि कागदाऐवजी वरच्या बाजूला डिस्कसाठीच्या पेननं तारीख घातली. तरीही धोका नको म्हणून कॅमेऱ्यासमोर प्रत्येक खूण सावकाश, मोजून केली. डिस्क छोट्या प्लेअरवर एका दमात चालली. काकूंनी ती सलग तीनदा लावली.

काकांचं समाधान मात्र होईना. त्यांनी नव्या डिस्कवर मुद्दाम कागद चिकटवला, चालली. दुसरी डिस्क जास्त वेगानं लिहिली. सकाळी चालली, दुपारी अडखळली. जुनी, भरगच्च डिस्क कागद सोलून लावली. अडखळली, पण आधीपेक्षा कमी, की त्यांनाच तसं वाटलं. वहीची चार पानं भरली आणि शेवटच्या पानावर त्यांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं. इंजिनात असं कधी झालं नव्हतं.

प्लेअर परत द्यायला दोघंही गेले. काकूंनी पदर बाजूला करून मानेवरचा व्रण दाखवला आणि आपल्या मोडक्या-तोडक्या खुणांत 'वाईट' म्हणून हवा पुसली. अक्कानं व्रणावर अंगठा फिरवला, भरतकामाचा टाका तपासावा तसा. मग तिनं वहिनीचा हात धरून ती खूण नीट करून दाखवली: असा झटका नाही, असा.

मग नवी डिस्क लागली. चित्र कुठंही अडलं नाही. अक्का सगळं बघेपर्यंत काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. डिस्क संपली तशी तिनं त्यांच्याकडे वळून भराभर हात चालवले. काकू बघतच राहिल्या.

"काय म्हणतायत?"

काका म्हणाले, "म्हणते, आता बरा दिसतोस. पण कुक्कुल्या बाळाशी बोलावं तसं सावकाश काय बोलतोस? मला ऐकू येत नाही, समजतं."

पुढच्या महिन्यात काका पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दर्जा निम्मा, वेग कमी, कागद नाही. तिन्ही पाळायचं असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. हात वर केले आणि थांबले. आपण एरवी किती वेगानं बोलतो, हेच त्यांना आठवेना. त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी कॅमेऱ्याआडून सांगितलं की मला कधी सगळं समजलंच नाही, म्हणजे भरभरच बोलत असाल. काकांनी थोडा विचार केला, आणि बहीण समोर बसली आहे असं धरून सुरुवात केली.