चिंचेनं घासलेल्या झांजा

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मला कधी तशी गरजच पडली नाही. गेला तो माझा दोस्त, माणूस लाख होता. मागे राहिला तो बँडमास्तर, आणि जिवंत माणसाबद्दल बोलायला कुणाची आडकाठी नाही.

नव्वदच्या दशकात मी सांगलीच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवायचो. लग्नसराईत लाल कोट, सोनेरी झालर आणि घोड्यापुढं तीच ती सिनेमातली गाणी. चातुर्मास लागला की लग्नं थांबायची. मग कोट डांबरगोळ्या घालून ट्रंकेत जायचे आणि आम्ही आमचं वाजवायला मोकळे व्हायचो. आमचं म्हणजे जॅझ. हसा खुशाल, तेव्हाही लोक हसायचेच. मिरजेच्या एका रिटायर झालेल्या रेल्वे गार्डानं कॅसेटी दिल्या होत्या, त्या ऐकून ऐकून झिजवल्या. पिठाची गिरणी रविवारी बंद असायची. तिच्या मागच्या खोलीत आम्ही जमायचो, आणि वाजवून घरी जाताना केसांत पीठ असायचं.

माझा दोस्त सॅक्सोफोन वाजवायचा. मिरजेचा, तंबोरे करणाऱ्या घरातला. दिवसभर भोपळे तासायचा आणि संध्याकाळी त्याच धुळीनं भरलेल्या छातीतनं असं काही फुंकायचा की माझ्या काठ्या आपोआप हळू व्हायच्या. बाप म्हणायचा, घरात तारा सोडून हे भोंगे कसले? तो नुसता हसायचा.

आमची रीत साधी होती. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, मग एकेकानं आपल्या मनाचं वाजवायचं, बाकीच्यांनी ठेका सांभाळायचा. ह्याला आम्ही फेरी म्हणायचो. आमचा म्हातारा क्लॅरिनेटवाला वारला तेव्हा दोस्तानंच पायंडा पाडला, की गेलेल्याची फेरी कुणी वाजवायची नाही. तेवढा वेळ नुसता ठेका चालू ठेवायचा. मग मी ड्रमच्या कडेवर दोन टिचक्या मारायच्या आणि सगळ्यांनी चालीवर परत यायचं.

त्या दोन टिचक्यांची खरी गरज मास्तरला होती. बँड त्याचा, ट्रम्पेट त्याचा, मिशा त्याच्या, पण फेरी कुठं संपते हे त्याला उभ्या जन्मात कळलं नाही. त्याच्या फेरीलाही मी टिचक्या द्यायचो, त्या ऐकल्या की थांबायचा, आणि लोकांना वाटायचं काय हिशोब आहे गड्याचा.

पुढं दोस्ताची छाती भरायला लागली. साताऱ्यात एका वरातीत चढाला त्याचा दम तुटला आणि सूर फाटला. मास्तरनं अख्खी वरात थांबवली. नवऱ्या मुलासमोर, वऱ्हाडासमोर त्याच्या गळ्यातनं सॅक्सोफोन काढून घेतला, वाद्य बँडचं होतं ना, आणि हातात झांजा कोंबल्या. म्हणाला, "दम पुरत न्हाई तर झांजा घे. शोभेला तरी ऱ्हा."

वऱ्हाड हसलं. दोस्तानं कार्यालयापर्यंत झांजा वाजवल्या. परत येताना एस्टी कराडला थांबली. कराडच्या स्टँडवर चहा घेतला तेव्हा म्हणाला, "गड्या, मी गेलो की माझी फेरी मोकळी ठेव. त्याला फुंकू देऊ नगंस."

त्या हिवाळ्यात तो मिरजेच्या दवाखान्यात वारला. मास्तर बघायलाही आला नाही, मातीलाही आला नाही. कुठली तरी सुपारी होती म्हणे. त्या झांजा मी बँडच्या पेटीतनं उचलल्या आणि घरी आणून चिंच लावून घासल्या. पुढंही घासत राहिलो. बायको म्हणायची, आवं, ह्या काय देव्हाऱ्यात ठेवायच्या हायत का? मी म्हटलं, न्हाई, द्यायच्या हायत कुणाला तरी.

पुढच्या चातुर्मासात मास्तरला एकदम प्रेमाचा उमाळा आला. सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये त्यानं आठवणीचा कार्यक्रम ठेवला. बॅनरवर मधोमध ट्रम्पेट घेतलेला मास्तर आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा माझा दोस्त. भाषणात दोस्ताला धाकटा भाऊ म्हणाला, डोळे पुसले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणजे काय ते मी त्या दुपारी बघितलं. दोस्ताची बायको, आमची भाभी, पहिल्या रांगेत बसली होती. आत येताना तिनं मला एवढंच विचारलं होतं, की त्यांची फेरी मोकळी ठेवाल ना? मी मान हलवली होती.

चाल झाली, आमच्या फेऱ्या झाल्या, दोस्ताची फेरी आली. मास्तर पुढं आला आणि त्यानं ट्रम्पेट तोंडाला लावला. रीत त्याला ठाऊक होती. भाभीनं माझ्याकडे बघितलं.

मी टिचक्या दिल्या नाहीत. बस्स, एवढंच केलं. ठेका तसाच चालू ठेवला. फेरी संपली, दुसरी सुरू झाली, मास्तर वाट बघत फुंकतोय. गिटारवाल्यानं माझं तोंड बघितलं, समजला, आणि हात मांडीवर ठेवले. मास्तरजवळचे तुकडे संपले, तेच ते परत यायला लागले. मान लाल झाली. वळून माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मी छताचा पंखा बघत होतो. ट्रम्पेटवाल्याचे ओठ एकदा गेले की गेले. सूर फाटला, परत फाटला, मग नुसती हवा आली. पाहुणे हसले. त्यानं ट्रम्पेट खाली घेतला.

मग मी ठेका हलका केला आणि दोस्ताची फेरी सुरू झाली. कुणी काही वाजवलं नाही. भाभी डोळे मिटून बसली होती.

फेरी संपत आली तशी एका हातानं ठेका धरून मी स्टुलाखालच्या झांजा काढल्या, मास्तरपुढं धरल्या आणि पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "मास्तर, दम पुरत न्हाई तर झांजा घ्या. शोभेला तरी ऱ्हावा."

हॉल भरलेला होता, चाल यायची होती. त्यानं घेतल्या. मी दोन टिचक्या मारल्या. मास्तर शेवटपर्यंत कडेला उभा राहून झांजा वाजवत होता, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बँड त्यानंतर मी सोडला. झांजा तेवढ्या परत आणल्या. दर चातुर्मासात चिंच लावून घासतो. मास्तर अजून जिवंत आहे.