पश्चिमेच्या भिंतीवरचे सात चौकोन

काटेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका भिंतीला मिठी मारून उभे होते. ऊन असं, की कावळेसुद्धा उडायचं सोडून सावलीसावलीने चालत होते. डांबर चपलेला सोडायला तयार नव्हतं. आणि हा साठी उलटलेला गृहस्थ, अंगात नुसतं बनियन, भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभा. मी त्या गल्लीत त्याच दिवशी राहायला आलो होतो. सामान अजून टेम्पोत होतं. वाटलं, टेम्पोवाल्याला सांगावं, बाबा रे, आहे तसाच परत फिरव.

"इकडे या," डोळे न उघडता ते म्हणाले. "गाल लावा. आधी या चौकोनाला, मग त्या. कुठे जास्त भाजतं?"

मी लावला. दोन्हीकडे सारखंच भाजलं, तसं सांगितलं.

"तुम्ही साक्षीला निकामी," ते म्हणाले आणि दुसरा गाल टेकवला. माझा गाल पुढे बरेच दिवस लाल होता, आणि नव्या गल्लीत पाय ठेवताच कोणी थोबाडीत दिली, असं बायको रोज विचारत होती.

काटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभा जन्म वजनमापे खात्यात गेला, म्हणून गल्लीने ते बहाल केलेलं. ते बाजारात शिरले की दुकानदारांची वजनं आपोआप खरी व्हायची म्हणे. काका निवृत्त झाले, त्यांचा संशय मात्र नोकरीवरच राहिला. घरी आलेली साखर ते अजून तोलूनच डब्यात ओतत.

घर बैठं, दोनच खोल्या, एकीमागे एक. दोन्हींना बाहेरची भिंत एकच, पश्चिमेची. आमच्याकडचं ऊन दुपारभर त्याच भिंतीवर, आणि पाऊसही तिरपा त्याच भिंतीवर. जुना रंग कांद्याच्या सालीसारखा सुटलेला, आतून ओल, ओलीवर काळी बुरशी. काकूंना दमा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, एक तर ही ओल घरातून जाईल, नाहीतर तुम्ही जा. काकूंनी एक पिशवी भरली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, धाकट्या बहिणीकडे गेल्या. "भिंत सुकली की येते," म्हणाल्या. शिवणाचं मशीन कापड झाकून मागे ठेवलं.

म्हणजे रंग लावला की काकू घरी. इतकं सोपं होतं.

रंगारी आला. "भेगा भरतो, बुरशी घासून काढतो, प्रायमर मारतो, वर दोन हात रंग. आठवड्यात काकू घरात."

"कुठला रंग?"

"चांगला."

"कशावरून चांगला?"

रंगाऱ्याने डोकं खाजवलं. "डब्यावर लिहिलंय की."

जन्मभर डब्यावर लिहिलेलं खोटं ठरवण्याचा पगार घेतलेल्या माणसाला हे सांगायला नको होतं. काकांनी भिंत घासून, भरून घेतली आणि सात दुकानांतून सात रंगांचे छोटे डबे आणून तिच्यावर सात चौकोन काढले. आता त्या चौकोनांनी एक पावसाळा आणि एक उन्हाळा सोसायचा. टिकेल तो पास.

गल्लीतली पोरं चौकोनांवर चेंडूचा नेम धरत. "पाचव्याला मारू नका रे," काका खिडकीतून ओरडत, "त्याची परीक्षा चालू आहे!"

रविवारी ते बहिणीकडे जात, निकाल सांगायला. एकदा मलाही नेलं.

"दुसरा फुगलाय. तिसऱ्यावर शेवाळ धरलंय," काकांनी वर्दी दिली.

"भावजी," मेहुणी म्हणाली, "ताईला बघायला आलात तेव्हा एवढा वेळ लावला होतात का हो?"

"नाही लावला," काकू दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "चहा संपायच्या आत होकार. ती चूक आता भिंतीवर भरून काढतायत."

सगळे हसलो. काका हसले नाहीत. बहिणीच्या मशीनवर कोणा शेजारणीचा झगा होता, काकू तो शिवत होत्या. जिना चढून आल्यावर मला धाप लागली होती, त्यांना बोलताना लागत नव्हती.

पावसाळ्याने तिघांना घरी पाठवलं. उन्हाळ्यात गडद तपकिरी तव्यासारखा तापून तडकला, आणि आणखी दोघांवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी येऊ लागली. उरला पाचवा, फिकट साईसारखा. त्याने ऊन परतवलं होतं आणि पाणी आत घेतलं नव्हतं. काका डबे आणायला दुकानात गेले.

"तो बंद झाला," दुकानदार म्हणाला. "आता हा येतो. सुधारित."

"सुधारित म्हणजे बदललेला," काका म्हणाले. एक छोटा डबा घेऊन आले आणि आठवा चौकोन काढला.

काका आता कापड झाकलेल्या मशीनवरच ताट ठेवून जेवत. दुसऱ्या खोलीतला दिवा गेला होता, तो बदलला नव्हता. मी एकदा विचारलं, "काका, करमतं का हो?"

ते मला बाहेर भिंतीपाशी घेऊन गेले. "आठव्याला खालच्या कोपऱ्यात भेग वाटते," म्हणाले. "तुम्हाला दिसते का?"

मला दिसत नव्हती.

काकूंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"अहो, मारून टाका आता कुठलाही."

"आठव्याने उन्हाळा काढलाय. एवढा एक पावसाळा जाऊ दे."

तिकडे मशीन चालू होतं. ते थांबलं. "बरं," काकू म्हणाल्या, आणि फोन ठेवायच्या आत मशीन पुन्हा सुरू झालं.

पावसाळा गेला. आठवा पास झाला. रंगाऱ्याने सबंध घर रंगवलं, आठवड्यातच. घर धुऊन ठेवलेल्या दुधाच्या पातेल्यासारखं लख्ख दिसू लागलं. काकांनी फोन केला.

काकू बहिणीला घेऊन आल्या. आतल्या खोलीत जाऊन भिंतीला तळहात लावला, बराच वेळ ठेवला.

"कोरडी आहे," म्हणाल्या.

"आणि रंग?"

"छान आहे."

चहा झाला. बाहेर टेम्पो येऊन थांबला. काकांनी खिडकीतून पाहिलं, मग काकूंकडे.

"मशीन न्यायचंय," काकू म्हणाल्या. "बायका येतात तिकडे कपडे शिवून घ्यायला. हिचं एक मशीन पुरत नाही."

"भिंत तर सुकली," काका म्हणाले.

"हो. सुकली खरी."

काकांनी कापड काढून घडी केली. मशीनला एका बाजूने टेम्पोवाल्याने हात लावला, दुसरीकडून त्यांनी. "सावकाश," ते त्याला म्हणाले, "चाक सैल आहे त्याचं." टेम्पो वळेपर्यंत ते दारात उभे राहिले, मग आत जाऊन कपबश्या विसळल्या.

काकू बहिणीकडेच राहतात. रंग अजून कुठेही सुटलेला नाही.