सासूबाईंनी डॉक्टरांसमोर ठेवलेली बाटली

मंडळी, आज सासूबाईंचं फार कौतुक वाटलं.

त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. शांताबाई या त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या, राजूरच्या शाळेतल्या मैत्रीण. कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून त्यांनी लाल यीस्ट तांदळाच्या, म्हणजे यीस्टने आंबवलेल्या तांदळाच्या, कॅप्सूल दिल्या, अन् काही दिवसांत सासूबाईंच्या पोटऱ्या दुखू लागल्या.

आज त्यांनी ती बाटलीच डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर म्हणाले, "यातही तुमच्या गोळीसारखंच औषध असू शकतं. दोन्ही मिळून स्नायूंना त्रास होतो. कॅप्सूल बंद करा, रक्त तपासू."

मला शांताबाईंचा राग आला. सासूबाई मात्र थेट त्यांच्या घरी गेल्या. "शांते, तुलाबी तीच गोळी हाये ना? मंग ह्या कॅप्सूल खाऊ नको, जल्दी डॉक्टरला दाखव."

शांताबाई रडायला लागल्या. "मीच दिल्त्या गं तुला."

"मायेनं दिल्त्या, ठाऊक हाये मला."

तुमच्या घरातलं माणूस गोळीसोबत आणखी काय घेतं, विचारलंय कधी?