भगरीच्या आधीचं दळण

गिरणीत येणाऱ्या प्रत्येक डब्याचं झाकण मी स्वतः उघडते. चौदा वर्षं झाली, सवय मोडलेली नाही. ज्वारीत खडे किती, गहू दमट आहे का, डाळ भाजली आहे की नुसती उन्हात टाकली आहे, हे आत हात घातल्याशिवाय कळत नाही. काही बायकांना ते खटकतं. "आमच्या ज्वारीत काय साप निघायचाय का गं?" असं एकीनं विचारलं होतं. साप नाही, पण एकदा खिळा निघाला होता आणि त्यानं माझा दगड खराब केला.

म्हणून महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, खालानं डबा पुढे सरकवला तेव्हा मी झाकण उघडलं. खाला म्हणजे मशिदीमागच्या गल्लीतली म्हातारी. तळ्यात उगवणाऱ्या पाणकणसाच्या पातीच्या चटया विणते आणि कुंभार पिंपळगावच्या बाजारात नेऊन विकते. हिंदू असो, मुसलमान असो, सगळं गाव तिला खालाच म्हणतं. गिरणीत मी बसते ती चटईही तिचीच.

डब्यात धान्य नव्हतं. राखाडी पांढरे खडे होते, चुन्याच्या ढेकळांसारखे. वास घेतला तर तळ्याच्या गाळाचा.

"हे काय हाय खाला?"

"आटा है. म्हंजे व्हईल, तू दळून दिला तर."

"कशाचा?"

"पानकणसाची जड. मुळं कुटली, पानी में हिलाई, रातभर बिठाई. वरचं पानी फेकलं, खालचं वाळवलं. तुम्ही कुरडईला गव्हाचा चीक करता ना, बराबर तसंच."

"आन् खाता?"

"न्हाई, भिंतीला लावते."

दळण घेऊन निघालेल्या बायका हसल्या. मी हसले नाही. आमच्या गावच्या पाझर तलावात पाणकणीस आहे, तसंच काठानं बेशरमाचं रान माजलेलं आहे. बेशरम खाऊन शेळ्या झिंगतात, मरतात, हे इथल्या लेकराबाळांना ठाऊक आहे. चिखलात हात घालून मुळं उपसणाऱ्या म्हातारीच्या हाताला काय लागेल, याची खात्री कोण देणार? शिवाय पाणकणीस गावामागच्या नाल्यातही आहे, आणि त्या नाल्यात सगळ्या गावाची मोरी जाते.

"नाल्यातलं का तळ्यातलं?" मी विचारलं.

खालानं डबा स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "दळायचं न्हाई तर न्हाई बोल. खलबत्त्यात कुटून हात दुखून गेले माझे."

मी दळलं. शेवटचं दळण होतं, आणि माझ्या बुडाखाली तिचीच चटई होती. नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

गिरणीची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आधीच्या दळणाचं मूठभर पीठ दगडात राहतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून दळणाचा क्रम असतो. हरभऱ्याची डाळ कधी घालायची, बाजरी कधी, हे मी ठरवते. उपवासाच्या दळणाआधी तर दगड ब्रशनं झाडायचे, मूठभर भगर घालून फिरवायची आणि ते पीठ टाकून द्यायचं. नाहीतर उपवासाच्या पिठात गहू जातो आणि बायका माझा उद्धार करतात. गिरणी चालते ती एवढ्याच भरवशावर, की तुम्ही दिलं तेच तुम्हाला परत मिळतं. तो गेला की दगड विकायला काढायचे.

त्या संध्याकाळी खालाचं दळण संपतं न संपतं तोच लाईट गेली. मी शटर ओढलं. सकाळी उघडलं तेव्हा भगर घेऊन बायका उभ्याच होत्या. सगळ्यांत पुढे पाण्याच्या टाकीजवळची वहिनी. घाई होती, गलका होता, वहिनीला तर फारच घाई होती. मी दगड झाडले का? मूठभर भगर टाकून दिली का? आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

शिवरात्रीच्या दिवशी दुपारनंतर वहिनीच्या घरात पाच माणसांना उलट्या सुरू झाल्या. चक्कर, हातापायांना कापरं. सगळ्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी सगळे चालत घरी आले, पण तोवर गावाला बोलायला विषय मिळाला होता.

वहिनीचा दीर त्याच दिवशी सकाळी गिरणीत आला. मागून दोन बायका.

"ताई, खरं सांगा. आमच्या भगरीच्या आधी काय दळलं व्हतं?"

"खालाचं होतं," मी म्हणाले. "पाण्यातली मुळं."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. दगड झाडल्याचं आठवत नाही, एवढं मात्र मी बोलले नाही. दीरानं मान हलवली आणि गेला. दुपारपर्यंत माझ्या त्या वाक्याला पाय फुटले. खालानं गिरणीत जहरी मुळं दळली, असं झालं. नंतर त्याला शेपूट जोडलं गेलं, की त्यांना आपल्या उपवासाचं काय पडलंय. रांगेतली एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "तुझी काय चूक न्हाई बाई, तू भोळी." मला आजवर कुणी भोळी म्हटलेलं नाही. पण गिरणी वाचत होती, म्हणून मी ऐकून घेतलं.

एक मात्र होतं. त्या मुळांवर माझा संशय मनापासूनचा होता, आणि तो खरा ठरावा असं मला वाटत होतं. चार वाजता मी तळ्यावर गेले.

खाला गुडघाभर पाण्यात होती, सलवार वर खोचलेली, हातात विळा.

"आली का पोलीस?" ती म्हणाली. म्हणजे तिच्या कानावर गेलं होतं.

"मला बघायचंय तू काय उपसतीस."

"मंग चप्पल काढ आन् ये. काठावरून काय दिसतंय?"

मी उतरले. तिनं मला एकेक दाखवलं. ज्या बुडख्यावर गेल्या हंगामातलं तपकिरी कणीस अजून उभं आहे, तेवढंच ती धरते. कणीस नसेल तर पातीला हात लावत नाही, मग ती पात कितीही सारखी दिसो. पात एका बाजूनं सपाट, चिरली की आत स्पंजासारखे कप्पे. मूळ दोराइतकं लांब, गाळात आडवं पसरलेलं. वरची साल काढली की पांढरा गाभा, आणि त्यात सुतळीसारखे दोरे. दोरे चोथ्यात राहतात, पीठ पाण्यात बसतं. आणि बेशरम?

"बेशरम वो देख. काठावर हाय, जांभळी फुलं. तोडलं की दूध निघतंय. मूळ लाकडासारखं. त्याच्यात आटा कुठून येईल गं? तू गिरणीवाली ना?"

मी नाल्याचं विचारलं.

"नाल्यातल्याची चटई करते. खात न्हाई. ये पौधा पानी पी जाता. जैसा पानी, वैसी जड."

म्हणजे तिनं विचार केला होता. माझ्याआधी, आणि माझ्यापेक्षा जास्त. तिनं एक कोवळा कोंब ओढून काढला, बाहेरची पानं सोलली आणि आतला पांढरा दांडा माझ्यापुढे धरला.

"खा."

मी हात पुढे केला नाही.

"मैं पहले खाऊं? बरं." तिनं अर्धा मोडून कचाकचा खाल्ला. उरलेला मी खाल्ला. काकडीसारखा लागतो, थोडा तुरट. तळ्यातलं कच्चं खाऊ नये हे मला कळतं. पण त्या क्षणी मागे सरणं मला परवडणारं नव्हतं.

तिच्या घरी गेले. अर्धी ज्वारी, अर्धं ते पीठ, अशी तिची भाकरी. थापताना चिकट होते, म्हणून ती ओल्या फडक्यावर थापते. हंगामात कणसाच्या वरच्या तुऱ्यातून पिवळी पूड झडते, तीही ती पिठात घालते. पिकल्या कणसाचा कापूस नातवाच्या उशीत भरलेला होता. मी उशी दाबून पाहिली, शिवण उसवून पाहायचंही मनात आलं. "उसव ना," खाला म्हणाली. "सुई बी देऊ?"

तिनं भाकरीचा पहिला घास खाल्ला, मग मी. घड्याळात पावणेसहा झाले होते. घरी येऊन मी वाट पाहिली. हात कापतायत का, पोटात कळ येते का, डोकं गरगरतंय का. साडेनऊला मला फक्त भूक लागली. खरं सांगायचं तर मी निराश झाले. मूळ चांगलं असेल, तर दोष दुसरीकडे कुठेतरी होता, आणि ते दुसरीकडे म्हणजे माझी गिरणी असू शकत होती.

सकाळी वहिनीच्या घरी गेले. तिचे सासरे ओसरीत खाटेवर बसलेले. चेहरा उतरलेला, पण तोंड शाबूत. मी त्यांना विचारलं, "मामा, भगरीची भाकर किती खाल्ली होती?"

"भाकर? मला कुठं दात हायेत भाकर खायाला? मला सुनेनं मऊ भगर शिजवून देल्ती. तीच दह्यासंगं खाल्ली."

"आख्खी भगर? दळलेली न्हाई?"

"आख्खी. आन् सगळ्यांत जास्ती हात माझेच कापून राह्यलते."

म्हाताऱ्यानं खाल्लेली भगर गिरणीत आलीच नव्हती. तिला माझा दगड लागला नव्हता, खालाचं मूळही लागलं नव्हतं. मी वहिनीला उरलेल्या भगरीचा डबा मागितला. तिनं कुरकुरत काढून दिला. झाकण उघडताच कोंदट वास आला. आत हात घातला तर दाणे गुठळ्यांनी एकमेकांना चिकटलेले, मध्ये काळपट बुरशी.

"कधीची हाय ही?"

"श्रावणात आणल्ती. सुटी. उपवासाला लागती म्हणून ठेवल्ती. धुतली ना मी! धुवूनच वाळवली व्हती."

धुतल्यानं बुरशीचं विष जात नाही, हे मी तिला सांगितलं. त्याच वेळी मला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती मात्र सांगितली नाही. त्या सकाळी ह्याच भगरीचा डबा माझ्यासमोर आला होता. वहिनीचा, घाईचा, पवित्र दळणाचा डबा. चौदा वर्षांत न सोडलेली सवय मी त्या सकाळी सोडली. झाकण वहिनीनंच काढलं आणि मी सरळ वरून ओतलं. हात घातला असता, निदान नाक जवळ नेलं असतं, तरी कळलं असतं. आदल्या संध्याकाळी खालाचे खडे मी बोटांत धरून, वास घेऊन, उजेडात फिरवून पाहिले होते.

"ही जनावराला बी घालू नको," मी म्हणाले. "पुरून टाक."

"टाकते. पण गावाला सांगत फिरू नको, ताई. लोक म्हणतील सुनेनंच घरच्यांना जहर देलं."

"खालाला म्हणून राह्यलेत तसं?"

वहिनीनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तिला म्हणायला तूच तर सुरुवात केल्ती."

ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत गर्दी असताना मी मशीन बंद केलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. सांगितलं, की वहिनीच्या सासऱ्यांनी न दळलेली भगर खाल्ली आणि तेही आजारी पडले. भगर बुरशीची होती, मी डोळ्यांनी पाहिली. खालाच्या मुळाचा संबंध नाही, मी ते स्वतः खाऊन बसले आहे. आणि त्या दिवशी मी डब्यात हात घातला नव्हता, ती माझी चूक.

बायकांनी ऐकलं. एक म्हणाली, "बरं झालं बाई, कळलं." दुसरी म्हणाली, "मंग आता ती मुळं दळणार न्हाईस ना?" तिसरीनं आपला डबा उचलला आणि उद्या येते म्हणून गेली. ती उद्या आली नाही. वहिनीही आली नाही, तिच्या घरचं दळण आता खालच्या आळीतल्या गिरणीत जातं.

खालाकडे मी दोनदा गेले. पहिल्या वेळी तिनं दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौ." एवढंच. तिचं दळण बाजाराच्या दिवशी रिक्षातून कुंभार पिंपळगावला जात होतं. त्या बाजारात आमच्या गावच्या बायका तिच्या चटया उलटसुलट करून बघतात आणि ठेवून देतात, हेही कळलं. पाती कुठल्या पाण्यातली, असं विचारतात म्हणे. तो प्रश्न माझाच होता.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, ती गिरणीत आली. रांगेत तिघीजणी होत्या. तिनं डबा पुढे ठेवला. मी झाकण उघडलं, हात घातला, वास घेतला. तेच खडे, तोच गाळाचा वास. ती बघत होती. मी डबा वर ओतायला उचलला तर तिनं माझं मनगट धरलं.

"ठैर. मेरे पहले क्या पीसी?"

"ज्वारी."

"किसकी?"

रांगेतल्या एकीकडे मी बोट दाखवलं. खालानं तिच्या पिठात दोन बोटं घातली, चोळली, नाकाजवळ नेली. ती बाई काही म्हणणार होती, पण माझ्याकडे बघून थांबली.

"दगड दाखव," खाला म्हणाली.

मी बटण बंद केलं, दगडावरचं झाकण काढलं. ती वाकून आत बघत राहिली, बराच वेळ.

"ब्रश मार."

मी मारला.