मोबाईलला ऐकू आलेलं बाळ

फजितीचा विषय निघालाच आहे, तर चहा उकळेपर्यंत माझीही ऐका.

महाडच्या बाजारात माझं ताडपत्री आणि दोरखंडांचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याला गोठा झाकायचाय की पेंढा, हे मी ओळखतो. शाळा फारशी नाही, पण सहसा फसत नाही. उजवा कान मात्र गेलेला. म्हणून सूनबाईने माझ्या मोबाईलमध्ये एक सोय चालू करून दिली. दारावरची बेल, नळाचं पाणी, बाळाचं रडणं, घरातला आवाज त्याने ओळखायचा आणि खिशात थरथरून मला कळवायचं.

अहो, मी थक्क! बेल वाजली, थरथर. मोरीत नळ वाहतोय, थरथर. तळहाताएवढी ती काच, तिला माझ्या घराची एवढी खबर? मी तर तिला देव्हाऱ्याशेजारी ठेवू लागलो.

एका रविवारी हिचे गुडघे शेकायला सासू-सुना सवच्या गरम कुंडांवर निघाल्या. नातू लसीमुळे रात्रभर जागा होता, नुकता झोपलेला. सूनबाई त्याला पहिल्यांदाच माझ्यावर सोपवत होती.

"बाबा, त्याला पोटभर झोपू द्या. एवढं जमलं, तर रविवारी दुकानात नेत जा त्याला."

दुकानात! नातवाला मांडीवर घेऊन गादीवर बसायचं, दुसरं काय हवं हो मला?

बाहेरच्या खोलीत बसलो. गुरुवारी भजनाची बारी होती, म्हणून गजर घोळवत होतो, अगदी तोंडातल्या तोंडात. तोच थरथर. 'बाळ रडत आहे.' आत धावलो. नातू गाढ झोपेत. पण मोबाईल खोटं कशाला बोलेल? म्हटलं, रडायच्या बेतात असणार. उचललं, आणि खरंच त्याने भोकाड पसरलं!

अंगावर काटा आला माझ्या. बाळाच्या आधी मोबाईलला कळलं?

कसंबसं निजवलं. पुन्हा गजर धरला, जरा वरच्या पट्टीत पोचलो, की थरथर. उचललं, रडलं. एवढ्यात आमच्या मंडळाचा मृदंगवाला गोपाळ पोलादपूरहून आला. त्याला हा चमत्कार सांगितला. त्याने चपला काढून मोबाईलला हात जोडले.

"शेठ, ह्याला पुढचं दिसतंय. माझी म्हस कधी व्यायची, ते इचारा की जरा."

दोघी परतल्या तेव्हा नातू रडून लाल, मी घामाघूम, आणि गोपाळ खुळखुळा वाजवतोय. मी मोठ्या कौतुकाने मोबाईलचा पराक्रम सांगितला. सूनबाईच्या खांद्यावर जाताच बाळ गप्प.

"म्हणजे झोपलेल्या बाळाला उचललंत?"

"रडणार होतं गं ते."

"मोबाईल थरथरायच्या आधी तुम्ही काय करत होतात?"

"काही नाही. गजर म्हणत होतो. मनातल्या मनात."

ही म्हणाली, "तुमच्या मनातलं कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू येतं. म्हणा बघू आता."

म्हटला. डोळे मिटून, वरच्या पट्टीत. उघडले तेव्हा बाळ माझ्याकडे टक लावून बघत होतं, तोंड घट्ट मिटलेलं. टेबलावर मोबाईल थरथरत होता. गोपाळने वाकून वाचलं, "बाळ रडत आहे."

कोणी हसलं नाही हो. तेच जास्त लागलं.

पण सूनबाई मनाची मोठी. रविवारी नातू येतो दुकानात. अट एकच, मी गायचं नाही. घरी गेलो की ती आधी बाळाचे डोळे बघते, मग माझा मोबाईल. डोळे कोरडे आणि मोबाईलवर रडणं दिसलं, तर माझा पुढचा रविवार गेला.

आतापर्यंत दोन गेलेत.