पहाडातली नोकरी

मी आणलेलं दूध तिनं बेसिनमध्ये ओतलं. माझ्या डोळ्यांदेखत.

खासगी खोलीतल्या पेशंटची बायको. गिरगावची. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. जखमेतला पू मी पुसायचा, अंग मी पुसायचं, ते चालायचं. माझ्या हातचं दूध नाही. आडनाव आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं बयेनं. "ही नको. दुसरी पाठवा," म्हणाली. आणि आमच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर, जिला मी तीन वर्षं देवासारखं मानलं, ती काय म्हणाली?

"तू बेडपॅनकडे बघ."

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे फक्त बेडपॅन आणि ड्रेसिंग. दूध, पाणी, जेवण बाकीच्या मुलींकडे. का, ते कुठंच लिहिलेलं नाही. सगळं तोंडी.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबाग-परळात गोळीबार झाला की वॉर्डात जमिनीवर गाद्या पडायच्या. रक्तानं माखलेली माणसं माझ्याच हातचं पाणी घटाघटा प्यायची. ताप उतरला की मग आडनाव विचारायची. थू!

नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत मी पहिली आले. दवाखान्यात नर्सच्या कायमच्या दोन जागा होत्या. वाटलं, आता कोण अडवतंय? बा गिरणीत खोकून खोकून अर्धा झालेला. धर्म बदलून आम्ही ताठ मानेनं चालायला लागलेलो. ही नोकरी मला हवी होती, हवीच होती.

कमिटीसमोर बोलावलं. मोठे सर्जन, दादरच्या एक विश्वस्तबाई आणि मेट्रन. हे सर्जन म्हणजे संध्याकाळी सभांमध्ये 'मुंबई आमच्या हक्काची' म्हणून घसा फोडणारे. मला गोड आवाजात म्हणाले, "तुझ्यासाठी उत्तम संधी आहे. उत्तरेकडे पहाडात नवा दवाखाना निघालाय. तिथं नर्स मिळतच नाहीत. राहायला खोली, दोन वर्षांत मुख्य नर्स होशील. आणि तिथं जातबीत कुणी विचारत नाही."

बाई म्हणाल्या, "तुम्हा लोकांना कष्टाची सवय असते. आमच्या मुलींना ती थंडी सोसायची नाही."

जागा कुणाला मिळाल्या? तिसरी आणि पाचवी आलेल्या मुलींना. मी एक दिवस मागून घेतला.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "सोताची खोली मिळतीया? मंग जा की गं. हितं काय हाय आपलं?"

मी ट्रंकेतून कमळचं पत्र काढलं. कमळ आमच्याच चाळीतली, नर्सिंगला माझ्या एक वर्ष पुढची. गेल्या साली तिलाही पहाडातल्याच दुसऱ्या दवाखान्यात अशीच 'संधी' मिळाली होती. त्याच्या आदल्या साली गेली तीही आमच्यातलीच. पत्र मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"तिसऱ्याच दिवशी गावच्या मुखियानं विचारलं, कौन जात? तेव्हापासून पाणी दाराबाहेर ठेवतात. नर्स मीच, डॉक्टर मीच. बर्फ पडला की रस्ता बंद. मराठी बोलायला भिंत आहे फक्त. माझी बदली होईल का गं, विचार ना."

आई म्हणाली, "नगं जाऊ."

पहाडातल्या बाईलाही बाळंतपणाला नर्स लागते, मला कळत नाही का? जिला जायचं तिनं खुशाल जावं. पण इथून हाकलायला पहाड? आणि दरवर्षी आम्हीच?

दुसऱ्या दिवशी तिघांसमोर उभी राहिले. बस म्हणालं नाही कुणी.

"मी जाणार नाही. पहिली येऊनही मी इथं का नको, ते मला लेखी द्या. खाली सही करा."

सर्जन हसले. "असलं काही लेखी नसतं."

"मग तोंडी कसं असतं?"

हसू गेलं. अस्पृश्यता पाळणं आता कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. सभेत गर्जना करणाऱ्या माणसाला चार ओळी लिहवेनात! मला त्यांची भीती वाटायची इतके दिवस. त्या क्षणी कीव पण आली नाही. नुसती किळस आली.

"उद्धट आहे," बाई म्हणाल्या.

"आहे," मी म्हणाले.

महिनाअखेरीला मला कामावरून कमी केलं. तेही तोंडी. मी कारण मागणारा लेखी अर्ज कारकुनाकडे दिला, त्याच्या नकलेवर शिक्का मारून घेतला, आणि नोकरीसाठी शीवपर्यंत एकेका दवाखान्याची पायरी चढायला लागले. यांना मुंबई महाराष्ट्रात हवी आहे, फक्त त्या मुंबईत मी नको आहे. मी इथंच राहणार. ज्याला मला काढायचं असेल त्यानं कारण कागदावर लिहावं, खाली स्वतःचं नाव घालावं. तो कागद घेऊन मी कोर्टात उभी राहीन.